रुळलेली तबकडी

तो माणूस जेवायला येणार म्हणून आमच्या घरात सकाळपासून दोन तट पडले होते. थोरला माझ्या बाजूने. सून भिंगरीच्या बाजूने. आणि आमचे हे कुणाच्याच बाजूने नाहीत, म्हणजे नेहमीसारखे खाली दुकानात, सुट्टीच्या दिवशीसुद्धा कुणाच्या तरी आरामखुर्चीचं पोट फाडून आत डोकं घालून बसलेले.

भिंगरी ही माझी लेक. बोलायला लागली ती थांबलीच नाही, म्हणून भिंगरी. हॉस्पिटलात चौकशीच्या खिडकीवर बसते आणि माणसाचा प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर देऊन पुढच्याला हाक मारते. चाळिशी आली तरी घरातच राहिली, आणि मला त्याची सवय होऊन गेली होती. संध्याकाळी ती जिना चढायला लागली की खालच्या पायरीपासून बातम्या सुरू. दार उघडेपर्यंत निम्मं हॉस्पिटल मला कळलेलं असायचं. ही गेली तर त्या जिन्यावरून मुकाट्याने चढणारी माणसंच उरणार होती.

"आई, तू हो म्हणालीस तर हो," ती मला म्हणाली होती. "नाही म्हणालीस तर हा विषय मी पुन्हा काढणार नाही. रडणार नाही, रुसणार नाही. पण एकदा त्याला समोर बसवून नीट बघ."

ही पोर दिलेला शब्द मोडत नाही. म्हणजे माझ्या एका 'नाही'वर सगळं मिटणार होतं. ते 'नाही' तयार करून ठेवूनच मी स्वयंपाकाला लागले होते.

"काय करतो म्हणालीस?" थोरल्याने मुद्दाम पुन्हा विचारलं.

"पियानो सुरात लावतो. शाळांचे, हॉटेलांचे, मोठमोठ्या सभागृहांचे."

"म्हणजे वाजवत नाही?"

"वाजवत नाही रे, लावून देतो."

"आपण सोफा शिवतो आणि बसतो दुसराच, तसं," सून म्हणाली. नवऱ्याचं तोंड बंद करायला तिला एवढं पुरतं. तेही माझ्यादेखत, पण माझ्याकडे न बघता.

थोरल्याच्या मनात काय चाललं होतं ते कपाळावर छापलेलं होतं. दुकान आता तो चालवतो. चिडलेलं गिऱ्हाईक फोनवर आलं की फोन भिंगरीच्या हातात जातो. ती समोरच्याला बोलूच देत नाही, शेवटी तोच माफी मागून ठेवतो. अशी बहीण कुणी सुखासुखी हातची घालवेल का?

तो आला. उंच, किडकिडीत, कोट अंगात घातलाय की खुंटीला अडकवलाय कळू नये असा. हातात फुलं नव्हती, खाऊ नव्हता. हत्यारांची चामडी पिशवी होती.

"माफ करा काकू, थेट एका शाळेतून आलो. पियानोत उंदराने घर केलं होतं."

"मग? उंदराचं काय केलंत?"

तो विचार करायला लागला. आता उंदराचा विचार काय करायचा! पण हा उंबऱ्यावर उभा राहून आठवतोय. "मैदानाच्या टोकाला नेऊन सोडला," शेवटी म्हणाला. "पिल्लंही होती. ती खोक्यातून नेली."

"उंदराची बदली," थोरला पुटपुटला, आणि मला हसू आलं ते मी गिळलं. हसण्याचा दिवस नव्हता.

जेवताना मी चार गोष्टी विचारल्या. एकेक उत्तर असं यायचं की मधे भाजी वाढून व्हावी. निम्मी उत्तरं भिंगरीने दिली.

"त्याला बोलू दे की."

"आई, तो बोलेपर्यंत तुझं जेवण गार होईल."

"मला गार चालतं."

हे मान खाली घालून जेवत होते. सुनेने माझ्याकडे पाहिलं, मी पाण्याच्या तांब्याकडे. हा माणूस आमच्या घरात टिकायचा नाही, असं मी मनात धरून टाकलं. इथे एकाचं बोलणं संपायच्या आत दुसऱ्याचं सुरू होतं. यात याने तोंड कधी उघडायचं?

जेवणं झाल्यावर मोरीजवळ जे बोलणं झालं ते सुनेने मला नंतर शब्दाला शब्द सांगितलं. ताटं धुताना तिचे हात ओले असतात, कान कोरडे असतात.

"आता बाबा रेकॉर्ड लावतील," भिंगरी त्याला दबक्या आवाजात सांगत होती. "घरात नवीन माणूस आला की लावतात. तू फक्त छान आहे म्हण."

"का? छान नाहीये?"

"छानच आहे. पण तुझ्या कानाला काहीतरी सापडेल. तुला आमच्या हॉस्पिटलातल्या लिफ्टची घंटासुद्धा बेसूर वाटते."

"ती आहेच बेसूर."

"असू दे! त्या प्लेयरचा पट्टा बाबांनी स्वतःच्या हाताने कापलाय. त्यांचा जीव आहे त्यात. आणि आई तर निमित्तच शोधतेय, तिला सुईच्या टोकाएवढं मिळालं तरी पुरेल. मला शब्द दे."

"दिला," तो म्हणाला. या वेळी विचार न करता.

प्लेयर आमच्या बाहेरच्या खोलीत खिडकीशेजारी असतो. लाकडी पेटी, वर फिरती थाळी, कोपऱ्यात लपवलेली मोटर, आणि मोटरीपासून थाळीखालच्या चाकापर्यंत गेलेला रबरी पट्टा. मोटर पट्टा ओढते, पट्टा चाक फिरवतो, चाकावर थाळी. शिवणयंत्राचंच भावंड म्हणा. विकत आणला तेव्हाचा पट्टा लवकरच गेला. मग यांनी रबराच्या पत्र्यातून एक कापला, त्याची टोकं तापवून जोडली, आणि तो अजून चालतोय.

त्यावर वाजणाऱ्या बाईला आम्ही सगळे मावशी म्हणतो. आवाजच तसा, भरल्या अंगाच्या, शांत बाईसारखा. नदी, होडी आणि न आलेला माणूस असलं काहीतरी गाणं आहे, मागे संथ पियानो. सुरुवातीला ही बाई फार घाई करायची, शब्द खायची. तोंडात खिळे धरून गातेय का काय असं वाटायचं. मग वाजून वाजून ती रुळली. नव्या सोफ्याच्या स्प्रिंगा कशा आधी उडवतात आणि मग बसतात, तसंच तबकडीचं असतं, हे मी घरात सगळ्यांना शिकवलंय. थोरला गिऱ्हाइकांनाही सांगतो.

यांनी हात साबणाने धुतले. तबकडी मखमलीच्या तुकड्याने पुसली. सुई खाली टेकवली, आणि आपल्या खुर्चीत डोळे मिटून बसले.

मावशी गायला लागली. मी गाणं ऐकत नव्हते, त्या माणसाला बघत होते. पियानो सुरू झाला आणि याची मान अशी आखडली, जसं कुणी मानेवर थंड पाणी सोडलंय. कानशिलं लाल झाली. बुटातली बोटं आवळून धरली असावीत, कारण बूट हलत होते. भिंगरी त्याच्याकडे बघत होती, सून भिंगरीकडे, थोरला माझ्याकडे.

गाणं संपलं. यांनी डोळे उघडले. "काय? कसं वाटलं?"

"छान आहे," तो म्हणाला.

यांनी नुसती मान हलवली आणि सुई उचलायला उठले. मी इतकी वर्षं या माणसाची पाठ बघतेय. पाठ जरा वाकली. बाकी कुणाला दिसलं नाही.

मला मात्र राहवलं नाही. "छान? छान म्हणजे काय हो? समोरच्या घरातली बाईसुद्धा छान म्हणते, ती मिक्सरच्या आवाजालाही छान म्हणते. तुम्ही पियानोवाले ना? घरोघर जाऊन छान म्हणण्याचीच मजुरी घेता का?"

"आई!" भिंगरी म्हणाली.

"मी त्यांना विचारतेय."

त्याने भिंगरीकडे पाहिलं. असं पाहिलं की दगडाला दया यावी. मग यांच्याकडे वळून म्हणाला, "काका, बाई फार सुरेख गाते. पण पियानो खाली बसलाय. कुठल्याच पट्टीत बसत नाही, दोन पट्ट्यांच्या फटीत पडलाय. असा पियानो जगात कुणी लावणार नाही. तबकडी सावकाश फिरतेय."

भिंगरीने डोकं हातात धरलं.

"सावकाश फिरत नाही," थोरला म्हणाला. "रुळलीय."

"काय झालीय?"

"रुळलीय. वाजून वाजून. स्प्रिंगेसारखी."

तो माणूस थोरल्याकडे बघत राहिला. मग पिशवीतून सूर तपासायचा, दोन पायांचा लोखंडी चिमटा काढून गुडघ्यावर आपटला, कानाजवळ धरला, आणि थोरल्याच्याही कानाजवळ धरला. "हा सूर पियानोत कुठेतरी सापडायलाच हवा. परत लावून बघा, सापडणार नाही."

"बाबांनी स्वतः कापलेला पट्टा आहे तो!" थोरल्याचा आवाज चढला. "माझ्या मिशा फुटायच्या आधीपासून चालतोय. तुम्ही जेवायला येता आणि..."

"अहो, ते बरोबर बोलत असतील," सून म्हणाली.

"तू गप्प बस."

"मी गप्पच होते. चिमटा तुमच्याच कानात वाजला."

"पट्टा बघू का, काका?" त्याने विचारलं.

"नको," हे म्हणाले.

फार पटकन म्हणाले. गिऱ्हाइकाची पोरं नव्या गादीवर उड्या मारतात तेव्हाही या माणसाच्या तोंडून 'नको' निघत नाही. मी त्यांच्याकडे पाहिलं, तर हे खिडकीबाहेर बघत होते. बाहेर समोरच्या घराची भिंत होती.

पण थोरला ऐकायच्या पलीकडे गेला होता. "बघू द्या ना बाबा! होऊन जाऊ द्या." त्याने तबकडी काढली, खालची थाळी दोन्ही हातांनी वर उचलली. तो माणूस वाकला. मी त्याच्या खांद्यामागे उभी होते.

आत पट्टा होता, जुना पण धडधाकट. पट्ट्याच्या खाली, चाकाच्या कडेला, कापडी फीत गुंडाळलेली होती. पदरावर पदर, एकसारखे, कुठे सुरकुती नाही. शेवटचं टोक आतल्या टाक्याने शिवून असं बेमालूम लपवलेलं की हात फिरवला तरी लागू नये. आम्ही महागड्या सोफ्याच्या कडेला लावतो ती फीत. त्याने चाक जाड झालं होतं, आणि जाड चाक सावकाश फिरतं, हे मलाही कळतं.

त्या माणसाने मान वर करून यांच्याकडे पाहिलं. हे अजून भिंतीकडे बघत होते, पण कान लाल झाले होते. मग त्याने थोरल्याच्या हातातून थाळी घेतली, हळूच जागेवर बसवली आणि सरळ उभा राहिला.

"पट्टाच ढिला पडलाय," तो म्हणाला. "वय झालं की पडतो. बाकी काही नाही."

"बघा! म्हणजे यंत्रात दोष नाही," थोरला म्हणाला.

"काहीच नाही."

मगाशी उंदराचं उत्तर द्यायला याला उंबऱ्यावर थांबावं लागलं होतं. माझ्या लेकीसाठी एक 'छान' म्हणताना याच्या मानेला लचक भरली होती. आणि आता डोळ्याची पापणीही न हलवता हा माझ्यादेखत खोटं बोलला.

"सरका," मी म्हटलं.

थाळी मीच उचलली. जड असते, पण दुकानात मी यापेक्षा जड उचललंय. "ही फीत आपल्या दुकानातली."

"असेल," हे म्हणाले.

"आणि टाका तुमच्या हातचा."

"असेल."

"असेल काय असेल? रात्री भुतं येऊन शिवून गेली का?"

हे खुर्चीत बसले, उठले, पुन्हा बसले.

"इथली भाषा तुला तेव्हा नवीन होती. तू इथे बसून गाद्यांना बटणं लावायचीस," ते म्हणाले. "ही लागली की मधेच विचारायचीस, आता काय म्हणाली? मी सुई उचलायचो, सांगायचो, परत लावायचो. एकदा तू काहीतरी भलतंच ऐकलंस आणि मी हसलो."

"मला नाही आठवत."

"मला आठवतं. त्यानंतर तू विचारलं नाहीस. कव्हरावर सगळं गाणं छापलेलं होतं. पोरं वाचून म्हणायची. तू कव्हर उलटं करून बाजूला ठेवायचीस आणि बाईला शिव्या द्यायचीस."

"घाई करायची ती!"

"हो. म्हणून मी चाकाला दोन वेढे दिले. तरी तुझं तोंड वाकडंच. मग आणखी एक दिला. मग एक दिवस तू तोंडातले खिळे काढून म्हणालीस, चला, बाई रुळली एकदाची."

सुनेने तोंडावर हात धरला. हसतेय की रडतेय कळेना.

"आणि मी सगळ्या गावाला सांगत बसले, तबकडी रुळते म्हणून?" मी म्हटलं. "गिऱ्हाइकांना? त्या कोपऱ्यावरच्या घड्याळवाल्याला?"

"घड्याळवाल्याला पटलं होतं," हे म्हणाले.

सगळ्यात आधी थोरला हसला, पोट धरून. मग भिंगरी. मी चष्मा काढून पुसला. चष्मा खरंच धुरकट झाला होता.

मग पुन्हा तट पडले, पण उलटे. आता थोरला त्या पाहुण्याच्या बाजूला. "काढून ऐकू या ना! खरी कशी गाते ते तरी कळू दे." आणि सून यांच्या बाजूला. "नको हो. आपली मावशी आहे ती. उगाच कशाला उघडं पाडायचं?"

"काढू का, काका?" तो माणूस म्हणाला.

हे माझ्याकडे बघायला लागले.

"काढा," मी म्हटलं.

त्याने टाका कापला नाही. पिशवीतली बारीक सळई घालून एकेक उसवला, फीत उलगडली आणि गुंडाळी करून यांच्या हातात दिली. पट्टा आकसून चाकाला बसला. थाळी ठेवली. यांनी सुई टेकवली.

"अगंबाई," सून म्हणाली, "ही तर पोरगी आहे!"

खरंच पोरगी होती. हलक्या पायाची, केस मोकळे सोडून धावत नदीवर गेलेली. पियानो तिच्यामागे खळखळत होता. त्या माणसाने चिमटा आपटला, कानाला लावला आणि पहिल्यांदाच हसला. दात चांगले होते.

"मावशीची भाची असेल," थोरला म्हणाला.

मी ऐकत होते. होडी आली, गेली, दिवा विझला, आणि एकही शब्द माझ्या हातून निसटला नाही. कितीही धावली तरी मी तिच्या बरोबर होते.

गाणं संपल्यावर मी त्याला म्हटलं, "इकडे या. बसा समोर."

तो बसला. भिंगरी उभीच राहिली, भिंतीला टेकून.

"आमची ही बोलते कशी ते ऐकलंत ना?"

"ऐकलं."

"मग हिच्या कुठल्या चाकाला फीत गुंडाळणार?"

"आई, काय हे!"

तो विचार करायला लागला. पण आता कुणी घाई केली नाही. थोरलासुद्धा गप्प बसला, हे नवलच.

"नाही गुंडाळणार, काकू," तो म्हणाला. "मी नीट ऐकलंय. तिची चाल बरोबर आहे."

"आणि तुमची? तुम्ही तर मागे पडता."

"पडतो. पण ती थांबते."

मी भिंगरीकडे पाहिलं. जन्मात ही पोर कुणासाठी थांबलेली मला माहीत नव्हती. आपल्या बारशालाही घाईत असावी. आणि आता ती भिंतीला टेकून, ओठ घट्ट मिटून उभी होती. तो आणखी काही म्हणेल म्हणून वाट बघत होती. त्याला आणखी काही म्हणायचं नव्हतं. तरी थांबली होती.

"हो," मी म्हटलं. त्याला नाही, तिला.

तिला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि मग जे सुरू झालं ते काय सांगावं! आई तू खरंच का, म्हणजे हो म्हणजे हो ना, वहिनी तुम्ही ऐकलंत ना, बाबा तुम्ही साक्षीला, दादा तू आता तोंड घालू नकोस, आम्ही लांब नाही राहणार, बसने दोन थांबे, रोज येईन, नाही रोज नाही जमणार पण एक दिवसाआड. थोरला म्हणाला, गिऱ्हाइकांचे फोन? तर म्हणाली, तिकडे पाठव. सून तिला मिठी मारून हसत होती आणि माझ्याकडे बघत होती. या वेळी सरळ बघत होती. तो माणूस हत्यारं एकेक करून पिशवीत भरत होता, चुकीच्या कप्प्यांत.

त्या सगळ्या गलक्यात हे माझ्याजवळ येऊन उभे राहिले. फितीची गुंडाळी अजून तळहातावर होती.

"हिचं काय करू?" हळूच म्हणाले. "आता गरज नाही ना? सगळं कळतं तुला."

"कोण म्हणालं सगळं कळतं?"

"मगाशी ओठ हलत होते तुझे."

"मधली एक ओळ मला अजून नीट लागत नाही," मी म्हटलं. "फार घाई करते ती पोरगी. गुंडाळा परत."

"कुठली ओळ?"

"गुंडाळा तर. सांगते."

त्यांनी सुईत दोरा ओवायला घेतला. पहिल्या खेपेला ओवता आला नाही. मी दिवा लावला आणि सुई धरून बसले.